वीस टक्के घरांचा हिशेब आणि आमचे कारागीर

कापडाच्या धंद्यात माप आधी, भाव नंतर. घरांच्या धोरणालाही आम्ही हाच नियम लावून पाहिला.

2013 साली राज्य सरकारने सर्वसमावेशक घरांचा नियम केला. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करणाऱ्याने 20 टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ही तरतूद आली.

बिल्डर मंडळी म्हणतात, स्वस्त घरांचा बोजा बाकीच्या गिऱ्हाइकांवर पडतो आणि एकूण घरेच कमी बांधली जातात. तोट्यात माल कोणी विकत नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांना मान्य आहे. परंतु या घरांचे बांधकाम चटई क्षेत्रात मोजले जात नाही, ही सवलतही हिशेबात धरली पाहिजे. अमेरिकेच्या माँटगोमेरी परगण्यात जादा बांधकामाची मुभा देऊन असा कायदा 1974 पासून चालू आहे.

खरी मेख मापात आहे. 4000 चौरस मीटर म्हणजे एकराला अर्धा गुंठा कमी. जागेचे तुकडे पाडले की नियम लागत नाही. नाशिकमध्ये ही घरे म्हाडाला मिळालीच नाहीत, ही तक्रार 2022 साली विधिमंडळात गाजली.

आमच्या पाटणला नगरपंचायत आहे. कोयना, केरा या नद्या आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जमीन थोडी, व्यवहार गुंठ्यांचे. येथे हा नियम लागणार कसा? शिंपी, रफूगार, गादीवाले यांचे घर हाच कारखाना. भाडे वाढले की घर आणि रोजी दोन्ही एकदम उठतात. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट आहे. त्यात तालुक्याच्या गावांचा वाटा किती, हे आपण विचारले पाहिजे. सरकारी जमिनीवर लहान घरे आणि त्यांना जोडून कामाची खोली, एवढी मागणी रास्त आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडची 20 टक्क्यांतील घरे म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत येतात. ज्यांची मुले तिकडे कामाला आहेत, त्यांनी आधार, पॅन, अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा तयार ठेवावा. कारागिराची कमाई रोखीची, वहीत नोंद नाही. मग अर्जच अडतो. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून घ्यावा.