ऐकू आले, पण समजले का?

कॉक्लियर इम्प्लांट बसविलेल्या प्रौढांसाठी वाक्-आकलन चाचणी महत्त्वाची

प्रतिनिधी, मीरा रोड

सायंकाळच्या गर्दीत मीरा रोड स्थानकाच्या फलाटावर उद्घोषणा होते. कॉक्लियर इम्प्लांट बसविलेल्या प्रवाशाला आवाज ऐकू येतो. मात्र गाडी जलद की धीमी, ती कोणत्या फलाटावर येणार, हे त्याला कळतेच असे नाही. ऐकू येणे आणि समजणे यांतील हे अंतर मोजण्याचे काम वाक्-आकलन चाचणी करते. शस्त्रक्रिया करावी की नाही आणि ती झाल्यावर तिचा लाभ किती झाला, हे दोन्ही प्रश्न या चाचणीवर अवलंबून असतात.

नेहमीच्या श्रवणचाचणीत रुग्णाला निरनिराळ्या पट्टीतील बारीक स्वर ऐकवले जातात. स्वर जाणवला की बटण दाबायचे, एवढेच काम. इम्प्लांटनंतर हा आलेख बहुतेकांचा चांगलाच येतो. मात्र, त्यावरून बोलणे समजते असा निष्कर्ष काढता येत नाही. निरोगी अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावे लागते. बोलण्याची लय त्यातून बऱ्यापैकी पोहोचते. ध्वनींतील बारकावे मात्र पुसट होतात. गोंगाटात तर ही अडचण अधिकच वाढते.

चाचणी कशी होते?

ध्वनिरोधक खोलीत रुग्णाला साधारण एक मीटर अंतरावरील स्पीकरसमोर बसवले जाते. नेहमीच्या संभाषणाइतक्या, म्हणजे ६० ते ६५ डेसिबल पातळीवर सुटे शब्द ऐकवले जातात आणि रुग्ण ते परत उच्चारतो. शब्द ध्वनिमुद्रित असणे श्रेयस्कर. समोरची व्यक्ती बोलत असेल तर ती नकळत सावकाश आणि स्पष्ट बोलते. शिवाय ओठ दिसले तर कानाऐवजी डोळ्यांचीच परीक्षा होते.

शब्दांनंतर वाक्ये ऐकवतात. वाक्यात संदर्भाची मदत मिळते, त्यामुळे गुण वाढतात. म्हणूनच दोन्ही गुणांक स्वतंत्रपणे पाहावे लागतात. शेवटी पार्श्वभूमीला गोंगाट सोडून तीच परीक्षा होते. शांत खोलीत उत्तम गुण मिळवणारी व्यक्ती येथे अडखळू शकते. बाजार, लोकल आणि लग्नाचा हॉल यांच्याशी साधर्म्य असलेली हीच परीक्षा होय.

गुणांकाचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. ५० शब्दांच्या यादीत ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलेला गुणांक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. यादी २५ शब्दांची असल्यास अनिश्चितता आणखी वाढते.

चाचणी बदलली की निर्णय बदलतो

ब्रिटनमध्ये पूर्वी वाक्यांच्या चाचणीवरून इम्प्लांटची पात्रता ठरत असे. २०१९ मध्ये हा निकष बदलला. तीव्र श्रवणदोष असलेल्या प्रौढाला श्रवणयंत्र लावूनही सुट्या शब्दांतील ध्वनी ५० टक्क्यांहून कमी ओळखता येत असतील, तर त्याचा विचार होऊ लागला. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेने २०२२ मध्ये वाक्य-आकलनाची मर्यादा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेली. कालपर्यंत अपात्र ठरणारे अनेक जण त्यामुळे पात्र ठरले.

भाषा आपली हवी

मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘दार’ आणि ‘धार’, ‘मन’ आणि ‘मण’ यांत एका ध्वनीने अर्थ पालटतो. इंग्रजी शब्दांच्या यादीतून हे भेद तपासले जाणार नाहीत. मीरा रोडसारख्या बहुभाषक वस्तीत तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. ‘ळ’ हा ध्वनी मराठी आणि गुजरातीत आहे, हिंदी-उर्दूत नाही. एकाच इमारतीतील दोन शेजाऱ्यांना एकच यादी न्याय देणार नाही. रुग्णाची चाचणी तो घरात ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत होणे आवश्यक आहे. दोन भाषांतील गुणांकांची थेट तुलनाही करू नये.

या परिसरातील रुग्णांना लोकलने गाठता येईल अशी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. केंद्राच्या ॲडिप योजनेतून इम्प्लांटसाठी मिळणारे साह्य मुलांसाठी आहे. प्रौढांना बहुधा लाखोंचा खर्च स्वतःच सोसावा लागतो. तेव्हा त्याचे फलित नीट मोजून घेणे हा त्यांचा हक्कच ठरतो.

काय विचारावे?

चाचणी ध्वनिमुद्रित शब्दांवर झाली का, शांततेत व गोंगाटात दोन्ही प्रकारे झाली का, प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासला का, हे जरूर विचारावे. अहवालाची प्रत जपून ठेवावी. उपकरण सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत प्रगती सर्वाधिक दिसते. त्या काळात ठरावीक अंतराने पुन्हा चाचणी करावी. कोणते ध्वनी चुकतात हे कळले, तर उपकरणाची जुळणी आणि श्रवणसराव यांना दिशा मिळते. ‘स’ आणि ‘श’ यांची सतत गल्लत होत असेल, तर तीही नोंद श्रवणतज्ज्ञाच्या उपयोगी पडते.

‘आता ऐकू येतं ना?’ असे घरचे कौतुकाने विचारतात. रुग्णही त्यांचे मन राखण्यासाठी मान डोलावतो. खरी अडचण मग त्या होकारातच दडून राहते. ती उघड करण्यासाठीच ही चाचणी आहे.