मेंढा : एक लहानसे गाव

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. त्याचा बहुतेक भाग अरण्याने व्यापलेला असून वस्ती फार विरळ आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे, तर वाटेत मोह, तेंदू आणि बांबू यांचे दाट वन लागते. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे एक गाव आहे. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा असेही म्हणतात. गावात सुमारे शंभर घरे आणि पाचशेच्या आसपास गोंड माणसे राहतात. पावसाळ्यात बांध्यांतून धान पिकवावे आणि एरवी वनातून मोहफुले, तेंदूपाने, हिरडा व मध गोळा करावा, असा त्यांचा जीवनक्रम आहे.

इतक्या लहान गावाचे नाव देशभर का झाले? याचे उत्तर त्याच्या ग्रामसभेत सापडते. गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष या सभेचे सभासद असतात. येथे हात वर करून मते मोजण्याची रीत नाही. निर्णय घ्यावयाचा तो सर्वांच्या संमतीने. एखाद्याच्या मनात शंका उरली, तर चर्चा पुन्हा होते. मग त्यासाठी कितीही दिवस लागोत. मतमोजणीत कोणी तरी हरतो आणि हरलेला माणूस मनापासून कामाला लागत नाही. सर्वांनी मिळून ठरविलेली गोष्ट मात्र सर्वजण पाळतात. प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी गावात एक अभ्यासगटही चालत आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी या कार्यासाठी फार कष्ट घेतले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा प्रसिद्ध आहे.

या एकीची कसोटी वनाच्या बाबतीत लागली. वनातील बांबूवाचून गावकऱ्यांचे घर उभे राहत नसे, की शेताला कुंपण होत नसे. परंतु वन सरकारी असल्यामुळे त्यावर गावाचा अधिकार चालत नसे. बांबू गाड्या भरभरून कागदाच्या कारखान्याकडे जाई आणि गावकरी पाहत राहत. पुढे २००६ साली वनात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा झाला. त्यानुसार २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तरीही एक अडचण उरली. बांबूला लाकूड मानावे की नाही, याविषयी वाद होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवतच आहे आणि नव्या कायद्यानेही त्याला गौण वनोपजांत घातले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती सोपविला. आता किती बांबू तोडावा आणि किती राखावा, हे ठरविण्याची जबाबदारी गावावरच आली. अधिकाराबरोबर जबाबदारी येते, ती अशी.

यानंतर गावाने आणखी एक पाऊल टाकले. आचार्य विनोबा भावे यांनी १९५१ साली भूदानाची चळवळ आरंभिली आणि तिच्यातूनच ग्रामदानाची कल्पना पुढे आली. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या आधारे २०१३ साली मेंढ्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. ग्रामदानात शेतकरी आपले शेत पूर्वीप्रमाणे कसतो व पीकही घेतो. मात्र बाहेरच्या माणसाला ती जमीन त्याला विकता येत नाही. एखाद्या कुटुंबावर वाईट दिवस आले, तरी गावाची जमीन गावातच राहते. जमिनीवाचून शेतकरी म्हणजे पाण्यावाचून मासा, हे त्यांनी वेळीच ओळखले.

मेंढ्याजवळ मोठे धन नव्हते, की मोठे संख्याबळ नव्हते. एकत्र बसण्याची, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची आणि कायदा समजून घेण्याची सवय मात्र त्याने लावून घेतली होती. आपल्या गावात ग्रामसभा भरते, तेव्हा तेथे काय बोलले जाते, हे आपणही कधी जाऊन ऐकावे. गाव लहान की मोठे, हे घरांच्या संख्येवरून ठरत नाही; ते तेथील माणसांच्या एकोप्यावरून ठरते.