घरच्या गाण्यावर अखेरचा हात
नागपूरच्या मिहानमधील सदनिकेत ध्वनिमुद्रित केलेले गाणे हेडफोनवर छान वाटते. मोटारीत मात्र दबलेले ऐकू येते. ही तफावत कमी करण्याचे काम मास्टरिंगचे. २००१ मध्ये आलेल्या ‘ओझोन’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर, कॉम्प्रेसर, लिमिटर एकत्र मिळतात. मोह होतो तो आवाज वाढविण्याचा. लिमिटर फार ताणला, की तबल्याची थाप बोथट होते. शिवाय स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये असे गाणे उणे १४ एलयूएफएस या पातळीपर्यंत खाली आणते. म्हणजे थापही गेली आणि मोठेपणाही! कॉम्प्रेसिंगनंतर पातळी चढवली, की हळू आवाजही वर येतात. शेजारच्या विमानतळावरून उडालेल्या विमानाची घरघर मुद्रणात शिरली असेल, तर तीही. अशा वेळी ती ओळ पुन्हा गाऊन घेणेच बरे.