उंचीची फळी घरच्या घरी

मुलांची उंची नोंदवण्यासाठी सहा फुटी फळी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चार फूट पुरतात. मूल आधाराशिवाय उभे राहू लागते तेव्हा त्याची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. म्हणजे जमिनीलगतच्या भागाचे मोजमापात कधी कामच पडत नाही. १२० सेंटिमीटरच्या फळीचे खालचे टोक जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवले, की १८० सेंटिमीटरपर्यंतची उंची तिच्यावर मोजता येते. एक तृतीयांश लाकूड इथेच वाचते.

रुंदी सहा इंच आणि जाडी अर्धा ते पाऊण इंच असावी. सागवानाची गरज नाही. सुताराकडे उरलेली प्लायवुडची पट्टी, मोडीत काढलेल्या कपाटाचा कप्पा किंवा पॅकिंगच्या खोक्याचे पाइन यांतले काहीही चालते. फळी डोळ्यासमोर आडवी धरून कडेवरून नजर टाकावी. बाक आला असेल तर लगेच दिसतो. बारीक भोके आणि पिठासारखा भुगा दिसला, तर ती कीड लागलेली फळी फुकट मिळाली तरी घरात आणू नये. परदेशी मालाच्या खोक्यावर ‘एमबी’ असा शिक्का असेल, तर ते लाकूड विषारी धुरीने निर्जंतुक केलेले असते. तेही टाळावे. ‘एचटी’ शिक्क्याचे लाकूड फक्त उष्णता देऊन तयार केलेले असते.

आधी ८० नंबरच्या, मग १२० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने फळी घासावी. कडांवर हात फिरवून कूस लागत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर व्हार्निशचा एक पातळ हात मागच्या बाजूसह द्यावा. कच्च्या लाकडावर मार्कर टेकवताच शाई रेषांमधून पसरते, आणि एकाच बाजूला व्हार्निश दिलेली फळी पावसाळ्यात वाकते.

सगळा जीव आहे तो आखणीत. एक खूण करून तिच्यापासून पुढची मोजत गेल्यास केसभर चूक प्रत्येक रेघेत वाढत जाते. टेप एकदाच पसरून, न हलवता, सगळ्या खुणा पेन्सिलीने कराव्यात. टेपच्या टोकाचा पत्रा मुद्दामच सैल बसवलेला असतो. तो किंचित सरकतो, म्हणून आखणीसाठी टेपवरचा १० सेंटिमीटरचा आकडा फळीच्या टोकाशी जुळवून तिथून मोजावे, म्हणजे घोळ राहत नाही. फळीच्या तळाला शून्य नव्हे, ६० लिहायचे. गुण्या लावून दर सेंटिमीटरला आखूड, पाचला मध्यम आणि दहाला लांब रेघ ओढावी. डॉक्टर सेंटिमीटर लिहितात आणि घरात बोलणे फूट-इंचांत होते, म्हणून दुसऱ्या कडेला इंचही आखावेत.

आकड्यांसाठी घरात पडून असलेला जुना ऑइलपेंट वापरण्याचा मोह आवरावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात शिसे जास्त असू शकते. नवी छोटी डबी किंवा पक्क्या शाईचा मार्कर घ्यावा.

भिंतीवर ओळंबा धरून रेघ मारावी, गट्टी ठोकून दोन स्क्रूंनी फळी बसवावी. ६० सेंटिमीटर मोजायचे ते मूल उभे राहणार त्याच ठिकाणच्या फरशीपासून, कारण फरशीला बहुधा उतार असतो. घर बदलले तर हे माप पुन्हा घ्यावे लागते.

मोजताना पाय अनवाणी, टाचा मागे टेकलेल्या, अंबाडा किंवा वेणी सोडलेली आणि नजर समोर असावी. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक ठेवून त्याची कड फळीला काटकोनात टेकवावी. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत जास्त भरते, म्हणून वेळ तीच ठेवावी. दोन वर्षांखालच्या बाळाला दवाखान्यात झोपवून मोजतात. तेच माप उभ्याने सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी येते. ते पाहून घाबरू नये.

सहा महिन्यांतून एकदा मोजणे पुरे. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या गृहस्थांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची अशीच साधारण सहामाही नोंदवली, आणि वाढीच्या अभ्यासात ती नोंद आजही दाखवली जाते. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरच्या खाली राहिली, तर फळीवरच्या तारखा आणि आकडे वहीत उतरवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत.