दुमागेतेतील निवांत दिवस

निवृत्तीनंतर आम्ही उभयता फिलिपिन्समधील दुमागेते या छोट्या शहरात राहून आलो. १९०१ साली स्थापन झालेल्या सिलिमन विद्यापीठामुळे हे विद्यार्थ्यांचे गाव. सकाळी विद्यापीठातील जुन्या झाडांच्या सावलीत, संध्याकाळी समुद्राकाठच्या रिझाल बुलेवार्डवर आमचा फेरफटका ठरलेला.

जवळच्या आपो बेटाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मासे कमी होऊ लागले तेव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञ आंजेल आल्काला यांनी तेथील कोळ्यांना किनाऱ्याचा एक भाग मासेमारीला बंद ठेवण्यास सुचवले. हातावर पोट असणाऱ्यांना हे सोपे नव्हते. तरीही १९८२ पासून त्यांनी तो राखला. तिथे मासे वाढले आणि लगतच्या पाण्यातही मिळू लागले. जाणार असाल, तर या बेटासाठी एक दिवस जरूर ठेवा.