टायमर वाजला म्हणजे चिकन झालं?

येवल्याची संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस गाव आसारी (मांजाची फिरकी) घेऊन गच्चीवर असतं आणि खाली स्वयंपाकघरात थांबायला कोणीच तयार नसतं. करीला अनेक घरांत मटण-चिकनचा बेत ठरतो. हल्ली त्यात एक सोपी वाट निघाली आहे. तंगड्या दही-मसाल्यात मुरवायच्या, कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये ठेवायच्या, टायमर लावायचा आणि पतंग उडवायला वर जायचं. ओव्हन वाजला की जेवण तयार.

सोय चांगलीच आहे. पण टायमर दोनच कामं करतो. वेळ मोजतो आणि वेळ संपली की वीज तोडतो. आत ठेवलेल्या मांसाशी त्याचा काही संबंध येत नाही, आणि ही साधी गोष्ट विसरल्याने बरेच गैरसमज निघतात.

‘पुस्तकात ४० मिनिटं लिहिली आहेत, ४० झाली, म्हणजे शिजलं’

ती ४० मिनिटं कोणत्या चिकनची? फ्रीजमधून थेट काढलेलं की ओट्यावर थोडा वेळ ठेवलेलं? छोटे तुकडे की आख्ख्या तंगड्या? ट्रेमध्ये चार की बारा? ओव्हन आधी तापवून घेतला होता की थंड ओव्हनमध्येच टायमर सुरू केला? यातलं एक जरी बदललं, तरी दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो.

‘तंदूरी चिकन’ असं लिहिलेलं तयार बटण दाबलं तरी फार फरक पडत नाही. बहुतेक ओव्हन त्या बटणावर वजन विचारतात आणि कंपनीने ठरवून ठेवलेला वेळ व तापमान लावतात. हाडाजवळचं मांस किती तापलं, हे त्या बटणाला कळत नाही. आत टोचायचा तापमापक सोबत आला असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडच्या घरगुती ओव्हनमध्ये तो क्वचितच असतो.

मांस सुरक्षित झालं की नाही, हे ठरतं त्याच्या सर्वांत जाड भागातल्या तापमानावर. अमेरिकेचं कृषी खातं चिकनसाठी ७४ अंश सेल्सिअस सांगतं. जागतिक आरोग्य संघटना घरच्या स्वयंपाकासाठी ७० अंशांचा आकडा देते. आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शनात मांसाहारी पदार्थाच्या गाभ्यासाठी तीन जोड्या आहेत: ६५ अंशांवर १० मिनिटं, ७० अंशांवर २ मिनिटं किंवा ७५ अंशांवर १५ सेकंद. तिन्हींचा अर्थ एकच. तापमान कमी असेल तर जंतू मरायला वेळ जास्त लागतो. घरी एवढा हिशेब कोण करणार? गाभा ७५ वर गेला की झालं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि ओव्हनवर दिसणारा २०० हा आकडा आतल्या हवेचा असतो. हवा २०० अंशांवर असताना तंगडीचं हाड ५० वरच रेंगाळत असू शकतं.

‘सकाळीच ठेवून जाऊ, संध्याकाळी आपोआप सुरू होईल’

सगळ्यांत धोक्याचा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबू. काही ओव्हनमध्ये उशिरा सुरू करायची सोय असते. नोकरी करणाऱ्यांना ती वरदान वाटते. सकाळी आठला कच्चं चिकन आत ठेवलं, सहाला भाजणं सुरू, सातला ताट. मधले दहा तास ते चिकन एका बंद, उबदार पेटीत पडून असतं.

जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात. मनाजोगती ऊब मिळाली तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने एकाचे चार तासांत चार हजार होतात आणि आठ तासांत दीड कोटीच्या पुढे. कच्चं किंवा शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे. येवल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी बंद घरातलं स्वयंपाकघर, त्यात बंद ओव्हन. तिथे तो एक तासही जास्तच म्हणायचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘नंतर २०० डिग्रीवर भाजतोच ना, जंतू मरतातच.’ जंतू मरतात, हे खरं. पण स्टॅफिलोकोकससारखे काही जंतू मरण्याआधी अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष अर्धा तास उकळूनही टिकू शकतं. हे जंतू येतात आपल्याच हातांवरून, नाकातून, बोटावरच्या जखमेतून. मसाला चोळणारा हात कापलेला असेल तर त्यांना आयतीच वाट मिळते. वाया गेलेला वेळ नंतरच्या आचेने भरून निघत नाही.

‘दही-लिंबू लावलंय की’ असंही म्हणतात. आंबटपणाने वाढ मंदावते, थांबत नाही. शिवाय मसाला पोहोचतो वरच्या थरापर्यंतच. रात्रभर मुरवायचं तर फ्रीजमध्ये मुरवा, ओट्यावर नको. आणि ती उशिराची सोय अगदीच वापरायची असेल तर बटाटे, रताळी, भरताची वांगी आत ठेवा. त्यांना दिवसभर थांबायला हरकत नाही.

लाईट गेली तर?

परदेशी पाककृतींच्या पुस्तकांत हा प्रश्न येतच नाही. आपल्याकडे तो पहिला.

बटणांच्या ओव्हनमध्ये लाईट गेली की बहुतेक वेळा सगळं पुसलं जातं. परत आल्यावर नुसतं घड्याळ लुकलुकतं आणि ओव्हन बंदच राहतो. गच्चीवर असलात तर कळणारही नाही. गोल खटक्याचे साधे ओटीजी याहून फसवे. त्यांचा टायमर बऱ्याचदा चावीच्या स्प्रिंगवर चालतो, त्याला विजेची गरजच नसते. मध्ये २० मिनिटं लाईट नसली तरी खटका टिकटिकत शून्यावर येतो आणि ठरल्या वेळी इमानदारीने ‘टिंग’ करतो. तुम्ही समजता भाजणं पूर्ण झालं, प्रत्यक्षात निम्मंच झालेलं असतं. आणि ओव्हन एक-दोन किलोवॅट ओढतो, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर त्याच्या मदतीला येत नाही.

अशा वेळी वाट बघत बसू नये. अर्धं भाजलेलं चिकन ओव्हनमधून काढून सरळ कढईत घ्यावं, थोडं पाणी घालून झाकण ठेवावं आणि गॅसवर पूर्ण शिजवावं. तंदूरीचं स्वप्न सोडावं लागेल, पण रस्सा झकास होतो. लाईट कधी गेली हेच माहीत नसेल आणि चिकन कोमट, अर्धकच्चं सापडलं, तर टाकून द्यावं. जिवावर येतं, कबूल. पण तेच करावं. ‘आज अर्धं भाजून ठेवू, उद्या पाहुणे आल्यावर पूर्ण करू’ हा बेतही नको, कारण अर्धवट तापलेल्या मांसात जंतू वाढतच राहतात.

‘आत लाल दिसतंय, म्हणजे कच्चं आहे’

दरवेळी नाही. ब्रॉयलर कोंबडी अवघ्या काही आठवड्यांची असते. तिची हाडं कोवळी असतात आणि त्यांतला लाल रंग शिजतानाही आजूबाजूच्या मांसात उतरतो. ७५ अंशांना पोहोचलेली तंगडीही हाडाशी लालसर दिसू शकते. उलटा धोका खिम्यात आहे. सीक कबाब आतून तपकिरी दिसतो, पण तो रंग पुरेशा तापमानाच्या आधीच येऊ शकतो. आख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात, तर खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून मटणाच्या खिम्याचा गाभा किमान ७१ अंशांवर जायलाच हवा. हळद, तिखट आणि तंदूरी रंग घातल्यावर तर डोळ्यांवर विसंबणं आणखीच अवघड.

‘डोळ्यांसमोर कापून आणलंय, त्यात कसले जंतू?’

ताजं म्हणजे निर्जंतुक नव्हे. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही असतात आणि कापताना मांसावर येतात. नळाखाली खळखळून धुतल्याने ते जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर बेसिन, ओटा आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पसरतात. धुतल्याशिवाय चालतच नसेल तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि नंतर बेसिन, ओटा, हात साबणाने स्वच्छ करा. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला शेवटी वरून लावायची सवय मात्र सोडलेलीच बरी.

गोठलेलं मांस ओव्हनच्या डिफ्रॉस्ट बटणाने सोडवलं तर लगेच शिजवा. त्या बटणाने कडा कोमट होतात आणि मधला भाग बर्फच राहतो.

‘पंखा आहे, म्हणजे सगळीकडे सारखं भाजतं’

पंख्याने गरम हवा फिरते, म्हणून साध्या ओव्हनच्या पाककृतीपेक्षा तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवता येतं. पण हवेला फिरायला जागा हवी. ट्रे गच्च भरला, तुकड्यांवर तुकडे रचले की पंखा असून नसल्यासारखा. आपल्याकडे चिकन बहुधा कातडी काढून घेतात. असं चिकन वाऱ्याने बाहेरून लवकर सुकतं आणि करपेल या भीतीने लोक ते लवकर बाहेर काढतात. त्यापेक्षा तेल लावून अर्धा वेळ फॉइलने झाकावं. फॉइल फक्त कन्व्हेक्शनवर, मायक्रोवेव्हवर नाही.

बोकडाच्या मटणाची काळजी त्या मानाने कमी. आख्खा तुकडा ६३ अंशांवर पोहोचून तीन मिनिटं राहिला की सुरक्षित होतो, पण तेव्हा तो इतका चिवट असतो की कोणी खाणार नाही. मऊ व्हायला गाभा ८०-९० अंशांपर्यंत जावा लागतो, म्हणजे दातांसाठी शिजवलं की सुरक्षितता आपोआप येते.

झाल्यानंतरचा वेळ

दुपारी बाराला ओव्हन वाजला आणि मंडळी चारला खाली उतरली, तर मधले चार तास चिकन बंद ओव्हनमध्येच निवत राहतं. शिजवूनही क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचे बीजाणू टिकतात आणि सावकाश निवणाऱ्या मांसात पुन्हा वाढू लागतात. ओव्हन ६० अंशांच्या वर ऊब राखत असेल तर ठीक, नाहीतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

या सगळ्यावर इलाज म्हणजे टोचायचा डिजिटल तापमापक. काहीशे रुपयांत मिळतो. टोक सर्वांत जाड भागात घालायचं, हाडाला टेकू द्यायचं नाही. नवा आणल्यावर बर्फाच्या पाण्यात धरा, शून्याच्या आसपास दाखवायला हवा. मग खळखळ उकळत्या पाण्यात धरा. तिथे तो १०० ऐवजी ९८ दाखवेल. बिघडलाय समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. येवलं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं.