दोन भाषांमधला कॉलबॅक : नंबर चालू ठेवा!



रक्त तपासायला दिलं की आपण लॅबमध्ये ताटकळत बसत नाही. नंबर देतो, 'रिपोर्ट आला की फोन करा' म्हणतो. प्रोग्रामिंगमध्ये यालाच असिंक्रोनस कॉलबॅक म्हणतात. पण मधल्या काळात आपला नंबरच बंद झाला तर?

पायथन आणि सी भाषेत असंच होतं. सीटाइप्स वापरून पायथन आपलं फंक्शन सीला देतं. सीकडे फक्त त्याचा पत्ता असतो. पायथनला वाटतं, हे आता कुणालाच नको; ते मेमरीतून काढून टाकतं. नंतर सीने हाक मारली की प्रोग्राम कोसळू शकतो.

उपाय सोपा आहे. सीचं काम संपेपर्यंत तो कॉलबॅक टिकणाऱ्या, म्हणजे फंक्शनबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मुलाचं लॉजिक बरोबर असूनही प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर रागावण्याआधी एवढं तपासा.